शेऱ्याचा रकाना

मुलीचा हात दुखत होता म्हणून मी तिच्या वह्या टाइप करायला घेतल्या. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तिची संध्याकाळ, त्यामुळे आमचे फोन त्याच वेळेला होतात. मी इथे अल ऐनला हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात डबा उघडून बसते आणि ती तिकडे ऑस्ट्रेलियात लोकरीची टोपी घालून पडद्यावर येते. त्या दिवशी ती डाव्या हाताने सूप पीत होती.

"उजव्याला काय झालं?"

"नथिंग, मम्मी. टायपिंग करून करून दुखतोय. डॉक्टर रेस्ट घे म्हणाला."

मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे ती बालवाडीत गेली तेव्हापासून चालू आहे. इथे तिचं बोलणं मी शक्य तितकं मराठीत लिहितेय. जे माझ्या कानात तिच्याच शब्दांत राहिलंय ते तसंच ठेवलंय.

संशोधनाच्या वर्षभराच्या कामाचा आढावा द्यायची तिची तारीख जवळ आली होती आणि जंगलात लिहिलेल्या सात वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या बाकी होत्या. मी म्हटलं, "मला फोटो काढून पाठव."

"इट्स सो बोरिंग, मम्मी. नुसते आकडे आहेत."

"बावीस वर्षं मी दुसरं काय करतेय?"

मी हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये आहे. पूर्वी कागदाच्या फायली होत्या, आता सगळं स्कॅन असतं, पण जुन्या फाइलमधलं एखाद्या सर्जनचं अक्षर लागेना की अजून मलाच हाक मारतात. तेव्हा मला वाटलं, स्वतःच्या लेकीचं अक्षर ते काय! पण ते जड गेलं. पावसात न भिजणाऱ्या कागदावर, हातमोजे घालून, पेन्सिलीने लिहिलेलं. तिचा एक आणि सात सारखा दिसायचा. पहिल्या शनिवारी सहा पानं झाली आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असं मला वाटलं.

ती ज्या प्राण्याचा अभ्यास करते तो उंदराएवढा आहे. त्याचा पहिला फोटो तिने पाठवला होता तेव्हा मी लगेच लिहिलं होतं, "अगं, ही तर चिचुंद्री!" वसईला आमच्या केळीच्या वाडीत असल्या टोकदार नाकाच्या चिचुंद्र्या भिंतीच्या कडेकडेने पळायच्या. त्यावर तिचा फोनच आला. "मम्मी, इट्स अ मार्सुपियल! कांगारूच्या नात्यातला आहे. पिल्लं पोटाशी घेऊन फिरतो." त्याची पिशवी म्हणजे कांगारूसारखा खिसा नसतो, पोटावर कातडीची नुसती घडी असते, आणि तिच्यात पिल्लं आईला चिकटून लोंबत असतात. त्याचं खरं नाव अँटेकायनस. माझ्या नवऱ्याला ते कधीच म्हणता आलं नाही. ते त्याला "तुझं पाखरू" म्हणायचे.

तिचा प्रश्न मला समजेल इतका साधा होता. हा एवढासा जीव वेगवेगळ्या जागी कसा राहतो? त्यासाठी तिने तीन जागा धरल्या होत्या. एक उंच झाडांचं ओलं जंगल. दुसरं समुद्राकडचं कमरेएवढं खुरटं रान. आणि तिसरी जागा म्हणजे दोन शेतांच्या मध्ये राहून गेलेली झाडांची पट्टी, जिच्या दोन्ही अंगांना गुरं चरतात. कुठे त्याचं वजन भरतं, घरटं कुठे करतो, किती पिल्लं जगवतो, हे ती बघत होती. सापळा म्हणजे ॲल्युमिनियमची लांबट पेटी. आत पीनट बटर, ओट्स आणि मधाचा छोटा लाडू ठेवायचा आणि पाहुण्याला थंडी वाजू नये म्हणून लोकरीचा गुंडाळा. उजाडल्यावर एकेक पेटी बघायची, सापडलेल्याला कापडी पिशवीत घालून तोलायचं, पिशवी वजा करायची आणि जिथे धरलं तिथेच सोडून द्यायचं.

हे सगळं एकेका ओळीत. तारीख, जागा, पेटीचा नंबर, नर की मादी, वजन, कातडीखाली घातलेल्या चिपचे शेवटचे चार आकडे, पिशवीत काय. आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, रिमार्क्स. आमच्या ऑफिसात एक जुने पुणेकर होते, ते त्याला 'शेरा' म्हणायचे. तेव्हापासून मीही शेराच म्हणते.

माझे मिस्टर अबुधाबीला ड्राफ्ट्समन होते. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर राहायचे, शुक्रवारी संध्याकाळी गाडी चालवत घरी यायचे. शनिवारी सकाळी चहा झाला की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसायचो. ते टॅबलेट डोळ्यांजवळ धरून वाचायचे, मी टाइप करायची. "पट्टी. पेटी अकरा. मादी. सोळा ग्रॅम." त्यांचा आवाज कोर्टातल्या शिरस्तेदारासारखा लागायचा. एकुलती एक मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून शनिवारची सकाळ आम्हाला खायला उठायची. त्या सकाळीला आता काम मिळालं होतं.

हळूहळू नंबर ओळखीचे झाले. हॉस्पिटलमध्येही असंच होतं. वर्षानुवर्षं येणाऱ्या पेशंटचा चेहरा मी कधी पाहिलेला नसतो, पण नंबर दिसला की फाइल किती जाड आहे ते आठवतं. पट्टीतली एक मादी होती, २१४७. ती दर दोन-तीन दिवसांनी सापळ्यात असायची. लाडवासाठी यायची बहुतेक. मिस्टर म्हणायचे, "आली बघ तुझी एकवीस सत्तेचाळीस. एवढं खाऊनही अठराच ग्रॅम."

दुसऱ्या वहीत मी अडकले. ऑगस्टअखेरपर्यंत नर आणि माद्या दोन्ही होते. नर तर चांगले धडधाकट, माद्यांच्या दीडपट वजनाचे. पुढे मात्र नर की मादीच्या रकान्यात नुसती मादी, मादी, मादी. पानांवर पानं. तिन्ही जागी तेच. माझ्या कामात असं दिसलं की एकच अर्थ असतो: मधली पानं गहाळ झालीत. रविवार होता तरी मी तिला फोन लावला.

"बाय, तुझी पानं राहिलीत. नरांची एन्ट्री कुठेच नाही. दुसरी वही आहे का?"

ती हसली. "नाही मम्मी. कम्प्लीट आहे."

"मग नर गेले कुठे?"

"मेले. सगळे. दर वर्षी मरतात."

मग तिने सांगितलं. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, दोन-तीन आठवडे नर खाणंपिणं, झोप सगळं सोडून माद्यांच्या मागे धावतात. अंगातली ताकद पार संपते, केस गळतात, जखमा भरत नाहीत, आणि महिन्याच्या आत एकूण एक नर मरून जातो. वर्षसुद्धा पुरं होत नाही त्यांचं. नंतर जंगलात उरतात त्या फक्त पोटुशा माद्या.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाले, "आणि आम्ही साठीला आलो तरी शनिवारी टायपिंग!" ती पलीकडे इतकी हसली की पडदा हलायला लागला. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होते. फोन बंद झाल्यावर मी ती पानं पुन्हा चाळली. शेवटच्या नराच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'ओल्ड मॅन. सो लाइट.' वजनाच्या रकान्यात आधीच्या महिन्यापेक्षा कितीतरी कमी आकडा होता.

तोवर मी शेऱ्यांकडे विशेष लक्ष दिलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी 'पाऊस', 'पेटीवर बर्फ', 'मुंग्या' असंच असायचं. मग ऑक्टोबर आला. माद्यांच्या पिशव्या भरल्या होत्या. २१४७ च्या ओळीत आठ पिल्लं, 'तांदळाएवढी' असा शेरा. मला इतका आनंद झाला की मी मिस्टरांना ती ओळ दोनदा वाचायला लावली. पुढचं पान समुद्राकडच्या रानाचं होतं.

"पेटी एकतीस, रिकामी. पेटी बत्तीस, रिकामी. पेटी तेहतीस..." आणि ते थांबले.

"काय झालं? अक्षर लागत नाही?"

त्यांनी टॅबलेट माझ्याकडे फिरवला. तेहतिसाव्या पेटीसमोर, त्या अरुंद रकान्यात मावत नव्हतं म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत शिरून लिहिलं होतं: 'ट्वेंटी-फाइव्ह टुडे. टोल्ड नो वन.'

तो तिच्या वाढदिवसाचा दिवस होता. त्या दिवशी दुपारी आम्ही तिला फोन केला होता. मी जिन्यात, मिस्टर अबुधाबीहून. तिने सांगितलं होतं की मैत्रिणींनी केक आणलाय, आता बाहेर जेवायला चाललोय. मागे कुणाचा आवाज नाही असं मी म्हटलंही होतं. ती म्हणाली होती, "ते गाडी काढायला गेलेत."

मिस्टर उठले, गॅलरीत गेले, कुंड्यांना पाणी घालून आले. कुंड्यांना सकाळीच घातलं होतं.

"हे टाइप करायचं का?" त्यांनी विचारलं.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते: जे लिहिलंय ते लिहिलंय तसं उतरवायचं. आपल्याला कळलं नाही, आवडलं नाही, पटलं नाही, तरी तसंच. कुठला शब्द उद्या कुणाच्या कामाला येईल ते आपण ठरवायचं नाही. मी त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि टाइप केले. खरं सांगायचं तर मला त्या नियमाचा आधार झाला. तो नसता तर मला तिला फोन करावा लागला असता.

त्यानंतर मी शेरे आधी वाचायला लागले आणि आकडे नंतर. त्यात पुष्कळ काही होतं. 'बोलले नाही कोणाशी, तीन दिवस.' 'बोंबलाचा वास आला असं वाटलं, नव्हता.' 'इथे सगळे विचारतात व्हेअर आर यू फ्रॉम, मी रोज वेगळं सांगते.' आणि शेवटच्या वहीत, एप्रिलमध्ये: 'ओढ्यात घसरले. मनगट. दोन तास एकटी चालत.' मनगट टायपिंगने दुखावलं नव्हतं.

तेही मी टाइप केलं. सातही वह्या जूनमध्ये पुऱ्या झाल्या. २१४७ डिसेंबरनंतर कुठेच नव्हती. मी फोनवर विचारलं, "ती मेली का गं?" ती म्हणाली, "माहीत नाही. सापडली नाही, एवढंच आपण लिहायचं. नॉट कॉट. दॅट्स ऑल वी नो." बाकी काही मी बोलले नाही. ना वाढदिवसाचं, ना ओढ्याचं. ती थँक्यू मम्मी, यू आर अ स्टार म्हणाली आणि मी म्हटलं, "खलास, आता पुढची वही कधी?"

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला तो सकाळी, मी ऑफिसात असताना. ती अशा वेळी कधी करत नाही. मी धावत जिन्यात गेले.

"मम्मी, शेऱ्यांचा कॉलम तू सगळा टाइप केलास?"

"हो. होता तसा."

"सगळा? माझ्या गाईडने फाइल उघडली. तिने वाचलं. मला केबिनमध्ये बोलावून विचारते, आर यू ओके?"

"मग बरं केलं की तिने."

"इट्स नॉट बरं, मम्मी!" तिचा आवाज चिरकला. "ते तिच्यासाठी नव्हतं. तुझ्यासाठी नव्हतं. कोणासाठीच नव्हतं. हातात पेन्सिल होती म्हणून लिहिलं."

"मग मला पाठवलंस कशाला?"

"यू वेअर सपोज्ड टू टाइप द नंबर्स!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याही मनात महिनाभर साठलं होतं. "आणि तू मला काय सांगितलंस? टायपिंगने हात दुखतो. केक आणलाय. मैत्रिणी गाडी काढायला गेल्यात. माझी मुलगी कशी आहे ते मला पेटी नंबर तेहतीसच्या समोर वाचायला लागतं?"

ती अगदी हळू म्हणाली, "बाय, मम्मी," आणि फोन बंद झाला.

सतरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी फोन पायरीवर उभा करून ठेवायची आणि डबा खायची. वडिलांशी तिचं चालू होतं. ते रोज सकाळी तिला काहीतरी पाठवायचे, रस्त्यावरच्या खजुराच्या झाडाला लागलेले घड, गाडीचं तापमान पंचेचाळीस दाखवणारा काटा, आणि ती अंगठा पाठवायची. शनिवारी ते आले की मी त्यांच्या फोनवर ते अंगठे बघायची. त्यांनी एकदाच विचारलं, "करू का फोन? देऊ तुला?" मी नको म्हटलं. खरं म्हणजे हो म्हणायचं होतं. आम्ही टेबलावर बसायचो, पण वाचायला काही नव्हतं. ते पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे.

अठराव्या दिवशी मेल आला. विषय काही नाही, मजकूर नाही, नुसते नव्या वहीचे फोटो. मी ऑफिसातच उघडले. अक्षर सुधारलं होतं. एक आणि सात स्वच्छ वेगळे. ओल्या जंगलातले नवीन नर, नवीन माद्या, वजनं, सगळं व्यवस्थित. आणि उजवीकडचा रकाना कोरा. मी पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. एकवीस पानांत एक शब्द नव्हता. पाऊससुद्धा नाही.

ती वही मी टाइप केली. पण इतकं वाईट मला त्या भांडणातही वाटलं नव्हतं. आमचे फोन पुन्हा सुरू झाले, ती हसायची, सांगायची, जेवलीस का विचारायची. सगळं छान चाललंय असंच सांगायची. आणि आता ते खरं की खोटं हे बघायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

या वर्षी मार्चमध्ये मिस्टरांच्या कंपनीने साठीवरच्या लोकांचं काँट्रॅक्ट वाढवायचं नाही असं ठरवलं. मेअखेर त्यांचा व्हिसा संपणार होता. माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे. तेव्हा ते वसईला जातील, मी घर सोडून हॉस्पिटलच्या एका मल्याळी सिस्टरबरोबर खोलीत राहीन, असं आम्ही दोघांनी एका शनिवारी ठरवून टाकलं. मुलीला कळवलं तर ती म्हणाली, "घर सोडायच्या आधी मी येते. माझी खोली मी आवरणार."

ती झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी आली. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे तिचा इथला रेसिडन्स व्हिसा केव्हाच गेला होता. ज्या गावात जन्मली, अठरा वर्षं राहिली, शाळेत गेली, तिथे ती टुरिस्ट व्हिसावर उतरली. गाडीत तिने सांगितलं, काउंटरवरच्या माणसाने विचारलं, फर्स्ट टाइम इन यूएई? तिने पासपोर्टातलं जन्मगाव दाखवलं. त्याने ते वाचलं, तिच्याकडे बघितलं, "अल ऐन!" म्हणाला आणि उठून शिक्का मारला. तिला ते मजेचं वाटलं होतं. पण नंतर आमच्या गल्लीत वळेपर्यंत ती पासपोर्टाचं तेच पान उघडून बघत होती.

आठ दिवस खोके भरण्यात गेले. ईस्टरला मी फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, तळले, सुक्या बोंबलाची चटणी केली, तिने उभ्या उभ्याच दहा-बारा फुगे खाल्ले. तिचं मनगट पूर्ण वळत नव्हतं. खोक्याला चिकटपट्टी लावताना ती डाव्या हातावर घ्यायची. मी बघितलं, ती बघतेय हेही बघितलं, आणि पुढचा खोका तिच्याकडे सरकवला.

सोमवारी ती पहाटे उठून म्हणाली, "मम्मी, यल्ला, वाळूत जाऊ. डॅडींनाही उठव." उजाडता उजाडता आम्ही शहराबाहेर, लाल वाळूच्या टेकाडांपाशी गाडी उभी केली. सापळे नव्हते, परवानगीशिवाय कोणताही प्राणी धरायचा नाही, हे तिने वाटेतच आम्हाला बजावलं होतं. नुसते ठसे बघायचे. सूर्य वर आला की ठसे दिसत नाहीत, सावली लांब असतानाच वाचायचे. ती वाकून पुढे चालली होती आणि आम्ही तिच्या मागे. भुंगेरा कुठे चढला, सरडा कुठे वळला, ते ती दाखवत होती. एका झुडपापासून दुसऱ्या झुडपापर्यंत जोडीजोडीने उमटलेले छोटे ठसे गेले होते. तिथे ती गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यात उंटांच्या मागून एक म्हातारा बलुची आला. आम्ही तिघं जमिनीकडे टक लावून बसलेले पाहून त्याने विचारलं, "क्या गुम हो गया?"

"कुछ नहीं, चाचा," मिस्टर म्हणाले. "लड़की जानवर का पाँव देखती है."

तो वाकला. "जरबू. रेत का चूहा. उछल के जाता है. पहले बहुत था. अभी रोड आ गया, लाइट आ गया." हाताने त्याने दूर शहराकडे दाखवलं आणि उंटांच्या मागे निघून गेला.

ती बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, आणि हे मला तिच्याच शब्दांत आठवतं, "आय ग्र्यू अप हिअर, मम्मी. अँड आय डिडन्ट नो वन ॲनिमल." तिथल्या जंगलातला एकेक जीव ती नंबराने ओळखते, पण जिथे वाढली तिथल्या वाळूत कोण राहतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून घरी, घरातून मॉल, सगळं गाडीतून. आम्हीही कधी आणलं नव्हतं. मी तिच्या शेजारी वाळूत बसले. मिस्टर गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेले.

"तू आता काहीच लिहीत नाहीस," मी म्हटलं.

तिला कळलं. "लिहिलं तर तू वाचणार."

"वाचणार. टाइप करणार नाही. गाईडबाईंना एक अक्षर दिसणार नाही."

"पण तू वाचणार."

"हो. ते मला सोडता येणार नाही, बाय."

ती वाळूत बोटाने रेघा ओढत राहिली. "त्या दिवशी मी तुला खरं सांगितलं असतं तर तू रडली असतीस. इथे, हॉस्पिटलच्या जिन्यात. आणि मला तिथून ते दिसलं असतं. म्हणून केक."

"वाचूनही रडलेच."

"ते मला दिसलं नाही ना."

मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. केसांत वाळू होती. मिस्टर परत आले तेव्हा त्यांनी तीन कप भरले आणि नेहमीसारखं हवेचं काहीतरी बोलले, आज ढग आहेत वगैरे. एकही ढग नव्हता.

ती गेली. महिन्याने तेही गेले. विमानतळावर जाताना त्यांनी गाडी स्वतः चालवली आणि किल्ली मला दिली. आता मी एका खोलीत राहते. शनिवारी सकाळी मिस्टर वसईहून फोनवर असतात, फोटो त्यांनाही पाठवलेले असतात, आणि विहिरीच्या पंपाच्या आवाजावरून ते मला ओरडून आकडे वाचून दाखवतात. उजवीकडच्या रकान्यात जूनपासून पुन्हा काहीबाही येतं. ते मोठ्याने वाचत नाहीत. थोडं थांबतात, तेवढ्यात मी वाचते, मग ते पुढची पेटी घेतात.

ऑगस्टअखेर मला तीन आठवड्यांची सुट्टी मंजूर झाली आहे. तिच्या गाईडबाईंनी स्वतः बोलावण्याचं पत्र लिहिलं. अर्ज केलाय, व्हिसा अजून आलेला नाही. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी बघते. इन्शाल्ला येईल. तिने मात्र सामानाची यादी पाठवून दिलीय: थर्मल, गमबूट, जाडे लोकरीचे मोजे.

जुलैच्या उन्हात मी मॉलमध्ये ही यादी घेऊन हिंडले. फिलिपिनो मुलगी म्हणाली, "मॅडम, विंटर स्टॉक ऑक्टोबर." दुसऱ्या दुकानात विचारलं, तिथेही तेच. शेवटी एका सुपरमार्केटमध्ये, ट्रेकिंगच्या सामानाच्या तळाशी, पुरुषांच्या मापाचे राखाडी मोजे मिळाले. दोन जोड घेतले. खोलीवर येऊन एसी सोळावर केला, पलंगावर पाय पसरून बसले आणि एक जोड घातला. सिस्टर ड्यूटीवरून आली, माझ्याकडे बघितलं आणि चादर ओढून घेत हसत सुटली. मी पायांचा फोटो काढून लेकीला पाठवला. लगेच उत्तर आलं: 'मम्मी, दे आर इनसाइड आउट.'

मी काढले आणि सुलटे करून घातले.